एटीएम खाली, दुकानदार म्हणते स्कॅन करा, मग मजुरी द्याची कशी?

प्रश्न : ताई, आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. कापसाचा चुकारा खात्यात येते पण वेचणीच्या बायांना बाजाराच्या आदल्या दिवशी रोखच लागते, अन् तालुक्याचं एटीएम नेमकं तवाच खाली. गावातल्या बँकेच्या सेंटरवर आधारचा अंगठा लावून पैसे काढतो तर सेंटरवाला हजारामागं २० रुपये घेते. मागं तर खात्यातून २,००० कटले, हातात काहीच नाही, म्हणे येतील वापस. तीन आठवडे झाले. पोरगा म्हणते बाबा, जमाना बदलला. आमचंच चुकते का?

उत्तर : काहून चुकते काका? युपीआय मीही वापरते, पण साधा मोबाईल असलेल्या बाईनं बाजारात तेल-मीठ घ्याचं कशानं, हे पोराला विचारा.

आधी ते २,००० धरा. पैसे कटले आणि मिळाले नाहीत तर ५ दिवसांत बँकेनं आपणहून परत टाकायचे असतात, उशीर झाला की दिवसाला १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे, अंगठ्याच्या व्यवहारालाही लागू. सेंटरवाल्याशी वाद घालत बसू नका, तुमचं खातं ज्या बँकेत आहे तिथं लेखी तक्रार द्या आन पोच घ्या. ३० दिवसांत काही झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, फुकट, माहितीसाठी १४४४८ वर फोन लावा.

ते २० रुपये मात्र त्याला घेताच येत नाहीत, त्याला बँक कमिशन देते. आता कमिशन तुटपुंजं असते हे खरं, आणि गावात सेंटर एकच, भांडलं तर तोही शटर ओढेल ही भीती मला कळते. म्हणून आधी गोडीनं पावती मागा, पावती मागितली की बहुतेक वेळा २० चे ० होतात.

एटीएमचं म्हणाल तर महिन्यात एकूण १० तासांच्या वर खाली राहिलं तर बँकेला १०,००० दंड, १ ऑक्टोबर २०२१ पासून. पण शाखेत कोणी बोलतच नाही ना, सगळे शिव्या देऊन घरी येतात! तारीख-वेळ लिहून ठेवा, चार-पाच शेतकरी मिळून एकच अर्ज द्या आन त्यात बाजाराचा वार ठळक लिहा. ५०० च्या नोटांनी मजुरी वाटता येत नाही हेही लिहा, कारण १००-२०० च्या नोटा एटीएममधे ठेवायला रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२५ मधेच सांगितलंय.

तोवर पोस्टमनला विचारून पहा. त्याच्याकडच्या मशीनवर आधार जोडलेल्या दुसऱ्या बँकेच्या खात्यातूनही पैसे निघतात, फक्त जास्त रक्कम असेल तर दोन दिवस आधी सांगा, आन घरी बोलावलं तर चार्ज किती ते पहिले विचारा.

आन हो, सुट्ट्या पैशांसाठी १० ची नाणी द्या बिनधास्त. १४ डिझाईनची सगळी चालतात असं रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मधेच सांगितलंय, तरी आपल्याकडं किराणावाला अजून तोंड वाकडं करते.