हंगामाचा लिलाव आणि आजोबांची बोली

प्रिय लेकीस,

अनेक आशीर्वाद.

ऑक्टोबरच्या सुट्टीत आपण गावी जाऊन आलो, त्यानंतर तू वसतिगृहातून एक प्रश्न लिहून पाठवलास. गावच्या मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, हंगामाच्या सणात एका अंड्यावर बोली लागली, बाबांनी त्या एका अंड्याचे पाचशे रुपये मोजले आणि ते परत मेजावर ठेवले. मग ते दुसऱ्याने घेतले, त्यानेही परत ठेवले, आणि हे चालू असताना सगळे देऊळ हसत होते. उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू देऊ नये असे प्रभू येशूने शिकवले असताना आपण देवाला द्यायचे पैसे असे ओरडून का देतो, आणि आजीच्या गुडघ्यांवर उपचार चालू असताना ते पैसे तिच्यासाठी का ठेवत नाही, असे तू विचारलेस. प्रश्न थोडा रागाने विचारला आहेस, पण त्या रागाच्या मुळाशी आजीची काळजी आहे, म्हणून मला तो फार आवडला. फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखे हे नाही.

आधी लिलावाविषयी. इथे इंग्लंडमध्ये तुझ्या शाळेत हंगामाचा सण होत असे तेव्हा तू डब्यातल्या वाटाण्याचे आणि सूपचे डबे नेत होतीस आणि ते गरजूंच्या अन्नकोठीत जात होते. इंग्लंडमधल्या या सणाचे आजचे रूप रॉबर्ट हॉकर नावाच्या पाळकाने 1843 मध्ये कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टो गावी सुरू केले असे मानतात, आणि ती चांगलीच रीत आहे. आपल्या गावाकडे मात्र मंडळीतली निम्मी माणसे शेतावर राबणारी, आणि त्यांच्या हातात रोकड क्वचितच असते. त्यांच्यापाशी असते ते पायलीभर बाजरी, कांद्याची पिशवी, वेलावरचा भोपळा, दारातल्या कोंबडीचे अंडे. ते घेऊन ती देवापुढे येतात. पण अंड्याने देवळाचे पत्रे बदलता येत नाहीत आणि कांद्यावर पाळकांचा पगार भागत नाही, म्हणून आलेल्या वस्तूंचा लिलाव होतो. ज्याच्या हातात पैसा आहे तो वस्तू घेतो, आणि ज्याच्या हातात पैसा नाही त्याचे अर्पण पैशाच्या रूपाने मंडळीच्या पेटीत पडते.

ते अंडे कोणी आणले होते हे तुझ्या लक्षात आले का? पहिल्या रांगेत डाव्या हाताला, हिरव्या लुगड्यातल्या ज्या म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, त्यांनी. त्यांनी ते ओल्या फडक्यात गुंडाळून आणले होते आणि मेजावर ठेवताना फडके काढून घेऊन कमरेला खोचले होते. बाजारात त्या अंड्याचे सात-आठ रुपये आले असते. लिलाव पुकारणाऱ्याने ते दोन बोटांत धरून उंच केले, "पन्नास रुपये एकवार" म्हटले, आणि पुढच्या पाच मिनिटांत ते चार वेळा विकले गेले. प्रत्येक वेळी घेणाऱ्याने ते परत केले, कारण घेऊन गेला असता तर त्या बाईंचे दान तिथेच थांबले असते. शेवटी पुकारणाऱ्याने हिशेब मोठ्याने सांगितला तेव्हा त्या बाईंनी तोंडाला पदर लावला होता. त्या दिवशी मंडळीत सर्वांत मोठे अर्पण त्यांच्या नावावर लिहिले गेले, बाबांच्या नव्हे. बाबांनी पाचशे रुपये दिले ते त्यांच्या अर्पणात भर घालण्यासाठी, आणि तसे करायला मिळते म्हणूनच माणसे हसतात.

डाव्या-उजव्या हाताचे वचन मी हलके करत नाही. स्वतःची वाहवा व्हावी म्हणून चौकात कर्णा वाजवून दान देणाऱ्याला प्रभूने मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात फटकारले आहे, आणि लिलावातही तसे घडू शकते. दोन घरांची ईर्ष्या पेटून एका कोंबड्यासाठी हजारोंच्या बोली लागल्याचे आणि नंतर वर्षभर त्या घरांनी एकमेकांशी न बोलल्याचेही मी लहानपणी पाहिले आहे. तशी बोली थांबवणे हे पाळकांचे आणि पंचांचे काम आहे, आणि ते त्यांनी धीटपणे केले पाहिजे असे माझे ठाम मत आहे. पण त्याच प्रभूने मंदिराच्या भांडारासमोर बसून कोण काय टाकतो ते पाहिले आणि विधवेच्या दोन टोल्या, म्हणजे दोन क्षुल्लक नाणी, शिष्यांना बोलावून दाखवल्या. प्रेषित पौलाने यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना मासेदोनियाच्या मंडळ्यांची उदारता करिंथ शहरातल्या मंडळीला, म्हणजे करिंथकरांना, मोकळेपणाने सांगितली आणि करिंथकरांची तयारी मासेदोनियाला सांगितली; संतोषाने देणारा देवाला प्रिय आहे हे वाक्य त्याच पत्रातले आहे. एकमेकांना उत्साह देत द्यायची रीत मंडळीत पहिल्या पिढीपासून चालत आली आहे.

आता आजीविषयी, कारण तुझा खरा प्रश्न तोच आहे. "आपला बाप व आपली आई ह्यांचा मान राख" ही आज्ञा तू शब्बाथशाळेत पाठ केलीस. दहा आज्ञांत आपण प्रॉटेस्टंट ती पाचवी मोजतो, वसईचे कॅथलिक लोक ती चौथी मोजतात. मोजणी वेगळी असली तरी आज्ञा एकच आहे, आणि पौल इफिसकरांना सांगतो त्याप्रमाणे अभिवचन जोडलेली ही पहिली आज्ञा आहे. मान राखणे म्हणजे फक्त उलट न बोलणे असे लहान मुलांना सांगितले जाते. मार्काच्या सातव्या अध्यायात मात्र प्रभू ते मोठ्या माणसांना सांगतो, आणि पैशाच्या संदर्भात सांगतो. आईबापांना ज्याचा उपयोग व्हायचा ते देवाला वाहिले आहे असे म्हणून त्यांना काही न देणाऱ्यांनी देवाचे वचन रद्द केले, असे त्याने धर्मशास्त्र जाणणाऱ्यांच्या तोंडावर म्हटले. देवाच्या नावाने आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्याचे दान देवाला नको आहे, यापेक्षा स्पष्ट काय असू शकते? तीमथ्याच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातही तेच आहे: मुलानातवंडांनी आधी आपल्या घरच्यांविषयी सुभक्ती दाखवावी आणि वडिलांचे उपकार फेडावेत, ज्यांना घरचे कोणी नाही त्या विधवांचा भार मंडळीने उचलावा.

म्हणून आपल्या घरी पगार झाला की पहिली रक्कम आजी-आजोबांच्या खात्यावर जाते, मंडळीला द्यायचा दशांश त्यानंतर. काही पाळक याला नापसंती दर्शवतात. त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण या बाबतीत मार्काचा सातवा अध्याय माझ्या बाजूने आहे असे मला वाटते. आजीच्या गुडघ्यांसाठी लागणारे पैसे बाबांनी आणि काकांनी उन्हाळ्यातच बाजूला काढले आहेत. त्यातला एक रुपयाही लिलावात गेला नाही. हे तुला आम्ही आधी सांगायला हवे होते असे नाही, कारण आजीनेच सांगू नका म्हटले होते. तिला तिच्या दुखण्याची चर्चा नातवंडांत नको आहे. आता तू विचारलेसच, म्हणून लिहिले.

आणखी एक गोष्ट तुझ्या नजरेतून सुटली असावी. पाचशेची बोली बाबांनी लावली असे तू लिहिलेस. बाबांनी तोंड उघडले नव्हते. त्यांनी आजोबांच्या कानात काही सांगितले आणि "पाचशे" हा शब्द आजोबांनी उच्चारला. आपल्या घरात आजोबा हयात आहेत तोवर बोली त्यांच्याच तोंडून जाते, पैसे कोणाच्याही खिशातले असोत. त्यांनी आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवून, अर्धा पगार मुलांच्या फीमध्ये घालून, लिलावात दोन-दोन रुपयांच्या बोली लावल्या. आता त्यांच्या आवाजात पाचशे ऐकू येतात तेव्हा ते पैसे त्यांच्या कष्टातून आले आहेत हे मुलगा सगळ्यांसमोर कबूल करत असतो. त्या वेळी काकू, आत्या, चुलत भावंडे सगळी आजोबांकडे बघत होती. तू बहुधा अंड्याकडे बघत होतीस.

आईबापांचा मान हा विषय आपल्या लोकांसाठी कधीच सोपा नव्हता, हेही तुला माहीत असावे. आता ज्याला अहिल्यानगर म्हणतात त्या नगरात अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831 मध्ये सुरू झाले, आणि पुढे दुष्काळाच्या वर्षांत, विशेषतः 1876 ते 1878 आणि 1896 ते 1900 या काळात, गावकुसाबाहेरची पुष्कळ कुटुंबे ख्रिस्ती झाली. काही घरे अख्खी आली, पण कित्येक घरांत एक मुलगा आला आणि आईबाप राहिले. वरच्या जातींत तर घरे तुटलीच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला आणि लक्ष्मीबाईंचा 1900 मध्ये. मधली वर्षे त्या घराने काय सोसले ते लक्ष्मीबाईंनी स्वतः लिहून ठेवले आहे. ज्या माणसाला घरच्यांनी दाराबाहेर काढले त्याने त्याच घरच्यांचा मान कसा राखायचा?

तुझ्या खापरपणजोबांनी आपल्यापुरते उत्तर काढले होते, आणि ते आजोबा अजून सांगतात. हंगाम निघाला की बाजरीची पहिली पायली ते देवळात नेत आणि दुसरी आपल्या आईच्या दारात नेऊन ठेवत. आईने त्यांच्याशी बोलणे टाकले होते. ते पायली उंबऱ्याबाहेर ठेवून, "माय, बाजरी ठेवली" एवढे म्हणून परत फिरत. आई धान्य आत घेई, रिकामी पायली उंबऱ्यावर पालथी घालून ठेवी, आणि दुसऱ्या दिवशी ते ती घेऊन जात. असे कित्येक वर्षे चालले. ती ख्रिस्ती झाली नाही आणि त्यांनी तिला तसे व्हायला सांगितलेही नाही, निदान आजोबांनी ऐकलेल्या हकिकतीत तरी नाही. आपल्या घरात पहिली रक्कम आईबापांची ही रीत मला तिथूनच आली असावीशी वाटते, जरी त्यांनी देवळाची पायली आधी नेली असली तरी.

बायबलातले रूथचे पुस्तक पुन्हा एकदा वाच. चारच अध्याय आहेत. त्यात हंगाम आणि सासूची काळजी या दोन गोष्टी एकाच टोपलीत आहेत. रूथ परक्या देशातली विधवा, बेथलेहेमच्या शेतात कापणाऱ्यांच्या मागे सरवा वेचते, संध्याकाळी झोडपून एफाभर (एफा हे त्या काळचे माप) सातू काढते, आणि दुपारच्या जेवणातला उरलेला हुरडा तिने सासू नामीसाठी जपून ठेवलेला असतो तोही घरी गेल्यावर काढून देते. शेताच्या कडा गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडाव्यात हा नियम लेवीय या पुस्तकात आहे, म्हणून रूथला सरवा मिळाला. आणि तिने तो म्हातारीला नेऊन दिला. एका बाजूला समाजाने मोकळा ठेवलेला हात, दुसऱ्या बाजूला घरच्या वडीलधाऱ्यांची भाकरी. गावच्या देवळातला लिलाव आणि आजीच्या खात्यावरची रक्कम यांच्यात तुला विरोध दिसला, तो मला दिसत नाही तो यामुळे.

मजेविषयीही दोन शब्द लिहिते, कारण देवळात हसू कसे चालते असा सूर तुझ्या लिहिण्यात होता. बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात पहिल्या उपजाची टोपली देवापुढे ठेवल्यावर तू, लेवी (मंदिराची सेवा करणारा) आणि तुमच्यातला परका या सर्वांनी मिळून आनंद करावा अशी आज्ञाच आहे. आपल्याकडे टिळकांची भजने पेटी-तबल्यावर म्हटली जातात, नाताळात तरुण संघ रात्री घरोघर गाणी गात फिरतो आणि प्रत्येक घरून करंज्या-चकल्यांबरोबर पेटीत काहीतरी पडते, महिला मंडळ आनंदमेळ्यात भजी तळून देवळाच्या भिंतींच्या रंगाचा खर्च काढते. भजी खाताना कोणाला आपण दान देतो आहोत असे वाटतही नाही, आणि तिखट जास्त झाले म्हणून तक्रार करायचीही मुभा असते. गरीब माणसाला निव्वळ हात पसरायला लावण्यापेक्षा किंवा श्रीमंताला निव्वळ धनादेश लिहायला लावण्यापेक्षा हे मला कितीतरी बरे वाटते.

इथल्या आपल्या छोट्या मराठी मंडळीचा हंगामाचा सण नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवारी, भाड्याच्या सभागृहात आहे. या वर्षी लिलावाचे पैसे दोन ठिकाणी जातील: अर्धे इथल्या अन्नकोठीला, अर्धे गावच्या देवळाच्या पत्र्यांना. शेते आपल्यापाशी नाहीत, म्हणून कुंडीतला कढीपत्ता, घरची लोणची, विणलेले मफलर असेच सामान येईल. तू येणार असशील तर तुझ्या हातचे काहीतरी आण, विकतचे नको. आणि बोलीच्या वेळी आजोबांना फोन लावून ठेवायचे काम तुझ्याकडे देते. आपल्याकडे दुपारचे तीन म्हणजे त्यांच्याकडे रात्रीचे साडेआठ, ते जेवून जागे असतील. किती रकमेपर्यंत जायचे ते बाबा तुला सांगतील, तू आजोबांना हळूच सांग, आणि फोनचा आवाज मोठा कर.

तुझी,
आई