उत्तरेत गिअर अडतो, कळंबोलीत सुटतो

डिसेंबर लागला की कळंबोलीच्या आमच्या गॅरेजवर ट्रकवाल्यांची एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडांतून येते. गाडी दिल्ली-जम्मूकडे गेली, तिकडे पहाटे गिअर पडेना, आणि इथे परत आली तर सगळं ठीक. मुंबईच्या उबेत दोष दिसतच नाही. मग कोणी विषय सोडून देतो, कोणी नुसत्या अंदाजाने गिअरबॉक्स उतरवतो. दोन्हींत पैसा जातो, म्हणून ही उत्तरं एकत्र देतो आहे.

गाडी अंबाल्याला रात्रभर उभी होती. सकाळी पहिला-दुसरा जड, पंधरा किलोमीटरनंतर एकदम हलका. गिअरबॉक्स खोलू का? (वडाळा)

नको. थंडीने ऑइल घट्ट होतं, एवढंच. इंजिन चालू करून, गाडी न्यूट्रलला ठेवून क्लचवरचा पाय काढा आणि पाचेक मिनिटं थांबा. आतला काउंटर शाफ्ट (इंजिनने फिरणारा दांडा) फिरतो आणि ऑइल घुसळलं जातं. गरम झाल्यावरही जड लागला तर दाखवून घ्या.

रिव्हर्स टाकताना खर्रकन आवाज येतो, थंडीत जास्त. मेकॅनिक सिंक्रो रिंगचा (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्यांचा) पूर्ण सेट बदला म्हणतो. (भिवंडी)

बहुतेक ट्रकच्या गिअरबॉक्सात रिव्हर्सला सिंक्रो नसतोच, मग सेट कशासाठी? आधी हँडब्रेक लावून, चाकांना ओट (दगड किंवा ठोकळा) लावून, इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद इंजिनवर अलगद पडतात आणि चालू इंजिनवर खरखरतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही असं समजा: पेडलचा प्ले (मोकळी हालचाल), क्लचचं ऑइल, बूस्टर तपासायचा. बंद इंजिनवरही सगळेच जड असतील तर लिव्हरचं लिंकेज किंवा ऑइल. एखादाच अडला तर दाताला दात लागला असेल, त्यावरून निकाल लावू नका. दोन मिनिटांची ही तपासणी न करता जो गिअरबॉक्स उतरवायला सांगतो, त्याला खर्चाचं कारण विचारा आणि दुसऱ्या जाणत्या मिस्त्रीला दाखवा.

ढाब्यावरच्या मिस्त्रीने गिअर ऑइलमध्ये एक लिटर डिझेल घालायला सांगितलं. ड्रायव्हरने घातलं, गिअर मऊ झाला. आता थंडीभर असंच ठेवावं का? (तळोजा)

आजच काढा. हा सल्ला दरवर्षी नव्याने कानावर येतो आणि दरवर्षी त्याने एखादा चांगला गिअरबॉक्स संपतो. डिझेलने गिअर मऊ होतो हे खरं आहे, फसगत तिथेच आहे. पंजाबच्या पहाटे पातळ केलेलं तेच ऑइल घेऊन गाडी परत येते, इथल्या स्टील मार्केटमधून कॉइल भरते आणि खंडाळ्याचा घाट चढते. गरम गिअरबॉक्सात दातांमध्ये आणि बेअरिंगमध्ये टिकायला हवा तो थर आता उरलेला नसतो. अशीच एक गाडी माझ्याकडे आली होती. ड्रेन प्लग काढला तर आधी डिझेलचा वास आला. प्लगच्या चुंबकावर लोखंडाचा चिखल बोटभर, त्यात बेअरिंगच्या केजचा तुकडा. मालक मात्र 'थंडीने गेला' असंच सांगत होता.

डब्यावरचा आकडा वाचायला शिका. ८०-डब्ल्यू-९० मधला ८०-डब्ल्यू थंडीचा, ९० हा १०० अंश सेल्सिअसला मोजलेल्या जाडीचा. ८०-डब्ल्यूची थंडीतली चाचणी उणे २६ अंशांना होते, ७५-डब्ल्यूची उणे ४० अंशांना. म्हणजे लडाखच्या खेपा असतील तर ७५-डब्ल्यू-९० चा विचार करता येतो, पण गाडीच्या पुस्तकात त्याला मान्यता असेल तरच. आणि जीएल-४, जीएल-५ हे डब्यावर लिहिलेले ऑइलचे प्रकार; जीएल-५ हे जीएल-४ पेक्षा 'वरचं' म्हणून विकतात, त्याला भुलू नका. जीएल-५ मधल्या गंधक-फॉस्फरसच्या रसायनांनी पितळी सिंक्रो रिंग खराब होऊ शकतात. पुस्तकात जे लिहिलंय तेच घाला, बिलावर घ्या आणि रिकामा डबा कापून टाका. भंगारात गेलेल्या अखंड डब्यांत भलतंच ऑइल भरून विकलं जातं. तुमच्या गाडीत डिझेल घालून किती किलोमीटर झाले ते सांगा आणि काढलेलं ऑइल आम्हाला दाखवायला आणा, फेकू नका.

काश्मीरला सकाळी लो मधून हाय पडत नव्हता, ऊन आल्यावर पडला. (जेएनपीटी रोड)

हाय-लो, म्हणजे गिअरचे दोन गट बदलणारा भाग, हवेच्या दाबावर चालतो. मुंबईची दमट हवा कॉम्प्रेसर ओढतो, एअर ड्रायरचं (हवेतलं पाणी शोषणारं) कार्ट्रिज संपलेलं असेल तर पाणी हवेच्या टँकमध्ये साठतं आणि तिकडे पाइपात, व्हॉल्व्हमध्ये गोठतं. रोज संध्याकाळी टँकचं पाणी सोडा, कार्ट्रिज बदला. ब्रेकही याच हवेवर आहेत, म्हणून याला गिअरची तक्रार समजून थांबू नका. पुढची खेप लागण्याआधी पूर्ण एअर सिस्टिम कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तपासून घ्या.

गिअरबॉक्सखाली शेकोटी केली तर? (मानखुर्द)

कधीही नाही; शेजारीच हवेचे नायलॉनचे पाइप, वायरिंग आणि डिझेल असतं.

बंद पडलेली गाडी न्यूट्रलला ओढून चाळीस किलोमीटर आणली, चालेल ना? (पनवेल)

नाही. चाकं गिअरबॉक्सातला मेन शाफ्ट फिरवतात, पण काउंटर शाफ्ट थांबलेला असतो, त्यामुळे ऑइल वर उडत नाही आणि आतले भाग कोरडे घासतात. ओढण्याआधी प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) सोडवायचा. आता सुरू करण्याआधी ऑइल काढून बघू द्या.

गाडी इथे आली की काहीच होत नाही, मग दाखवायचं काय? (कळवा)

ड्रायव्हरला तिथेच मोबाइलवर आवाज टिपायला सांगा: कोणता गिअर, इंजिन चालू की बंद, एअर गेजचा काटा कुठे होता, किती किलोमीटरनंतर सुटला. आणि गाडीबरोबर त्यालाच पाठवा. शेठने फोनवर ऐकलेलं शेठने मला सांगायचं, यात अर्धं हरवतं.