अध्ययन निष्पत्ती आणि वर्गातील चर्चा : नव्या बी.एड. विद्यार्थ्यांना सल्ला

सरावपाठाला उभे राहण्यापूर्वी एनसीईआरटीने (राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने) 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शिकल्यावर विद्यार्थ्याला काय करता यावे याची विधाने, नीट वाचा. पाठ टाचणाच्या रकान्यात उतरवून मोकळे होण्यासाठी त्या नाहीत. त्यांतील क्रियापदे पाहा: तुलना करणे, वर्गीकरण करणे, कारण सांगणे. विद्यार्थी बोलल्याशिवाय वा लिहिल्याशिवाय यांपैकी काहीच तपासता येत नाही, म्हणून चर्चा ही शेवटच्या पाच मिनिटांत उरकण्याची बाब नव्हे.

प्रश्न मात्र निवडून घ्यावा. ‘मुंबईतील मिठी नदी कोठे उगम पावते?’ याचे उत्तर मिळाले की वर्ग गप्प होतो. त्याऐवजी, ‘26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेवढाच पुन्हा पडला तर मिठीकाठी काय होईल आणि का?’ असे विचारले की भरतीची वेळ, भराव, अरुंद पात्र, कचरा हे सारे मुले स्वतः मांडू लागतात, आणि मिठीकाठच्या कुर्ल्यातील मुलाकडे पुष्कळदा शिक्षकापेक्षा अधिक माहिती निघते. प्रश्नानंतर किमान तीन सेकंद थांबा. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांच्या संशोधनात एवढ्या प्रतीक्षेनेही उत्तरे अधिक विस्तृत झालेली आढळली होती. (निरीक्षक मागे बसलेले असताना ही शांतता जड जाते, हे खरे.)

मोठ्या वर्गात गट पाडण्याऐवजी बाकावरील दोघांना आधी आपसांत बोलू द्या. घरी हिंदी किंवा उर्दू बोलणाऱ्या मुलाने मिश्र भाषेत उत्तर दिले, तर आधी त्याने सांगितलेले कारण बरोबर आहे का ते तपासा आणि मराठी शब्द नंतर फळ्यावर लिहा.