स्वस्त हिमोग्लोबिन यंत्र: सेन्सर नंतर, आधी रक्ताचा थेंब

तू कऱ्हाडहून विचारलं आहेस की गरोदर बायकांचं हिमोग्लोबिन उपकेंद्रातच मोजणारं, पाचशे रुपयांत बसणारं यंत्र करायचंय, तर मोबाइलचा कॅमेरा घेऊ की एलईडी आणि फोटोडायोड (रक्तातून पार झालेला प्रकाश मोजणारा छोटा सेन्सर)? तेवढंच आधी सांगते: एलईडी आणि फोटोडायोड. कॅमेरा उजेड आणि रंग स्वतःच जुळवत बसतो, तेही प्रत्येक फोन आपापल्या पद्धतीने. त्यात उपकेंद्रात कधी खिडकीतलं ऊन, कधी पिवळा बल्ब. एक एलईडी ५०५ नॅनोमीटरच्या आसपासची घे. तिथे ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन जवळपास सारखाच प्रकाश शोषतं, त्यामुळे रक्त लालभडक आहे की काळपट, याने आकडा हलत नाही. दुसरी ८८० ची घे, गढूळपणा वजा करायला.

पण माझा सगळ्यात जास्त वेळ सेन्सरने नाही, बोटाने खाल्ला. मी मिरजेत हेच काम करते. आमचं पहिलं यंत्र प्रयोगशाळेत रक्तपेशी मोजणाऱ्या मोठ्या सीबीसी मशीनशी छान जुळलं. मग जत तालुक्यातल्या एका उपकेंद्रात नेलं, आणि आकडे खाली घसरले, तेही कसेही. आम्ही यंत्र चार वेळा उघडलं. बॅटरी तपासली, एलईडी बदलल्या, काही सापडेना. शेवटी दोन सकाळी मी नुसती तिथल्या बाकावर बसून राहिले. बाईला दुखू नये म्हणून सिस्टर लॅन्सेट, म्हणजे बोट टोचायची सुई, हलकेच टोचत होत्या. थेंब येईना म्हणून बोट पिळत होत्या. पिळलं की रक्ताबरोबर ऊतींमधला द्रवही येतो, रक्त पातळ होतं आणि आकडा खाली येतो. शिवाय स्पिरिट वाळायच्या आत टोचलं जात होतं. सिस्टरांची यात काडीची चूक नव्हती. बाहेर बायकांची रांग होती, आणि आम्ही त्यांना यंत्राचं बटण दाखवलं होतं, बोट कसं टोचायचं ते नाही. आता आमच्या प्रशिक्षणाचा अर्धा वेळ हातावर जातो: हात कोमट करा, स्पिरिट वाळू द्या, नीट खोल टोचा, पहिला थेंब पुसा, दुसरा आपोआप येऊ द्या. क्युवेट, म्हणजे थेंब धरणारी छोटी पारदर्शक पट्टी, तीही अशी केली की लहान थेंबातूनही ती रक्त स्वतः ओढून घेते.

हे सगळं गावातच का व्हायला हवं, ते ऊसतोडीच्या टोळीकडे बघितलं की कळतं. दिवाळीच्या सुमारास बीडकडून टोळ्या आपल्याकडच्या कारखान्यांवर येतात. त्यातली गरोदर बाई पहाटे फडात जाते. तिला “रिपोर्ट परवा न्या” म्हटलं तर परवा तिची खोपी दुसऱ्या गावाला गेलेली असते. हिमोग्लोबिन मोजायच्या जुन्या साहली पद्धतीत रक्तात आम्ल घालून थांबायचं, मग पाणी घालत रंग डोळ्यांनी जुळवायचा. दोघींना दोन आकडे दिसतात. २०१८ च्या अ‍ॅनिमिया मुक्त भारत मोहिमेत डिजिटल तपासणीवर भर दिला, तो यासाठीच.

हवामानासाठी सातारा जिल्हाच फिर. मे महिन्यात म्हसवड-दहिवडीचं ऊन, जुलैत महाबळेश्वरचा पाऊस. क्युवेटमध्ये रसायन भरणार असशील तर डबी उघडी राहिली की ते ओल धरतं. पाच दिवस डबी उघडी ठेवून दोन्हीकडे मोजून बघ.

आता एक गोष्ट जिच्यावर मी वाद घालायला तयार आहे: अहवालात नुसता सहसंबंधाचा आकडा, म्हणजे तुझ्या यंत्राचे आणि प्रयोगशाळेचे आकडे किती एकत्र वरखाली होतात तो, देऊ नकोस. तुझं यंत्र प्रत्येकीला बरोबर एक ग्रॅम जास्त दाखवत असेल, तरी सहसंबंध शंभर टक्के येईल. आणि १०.४ ची बाई ११.४ होऊन घरी जाईल. गरोदरपणात ११ च्या खाली रक्तक्षय, ७ च्या खाली तीव्र. ६.५ ची ७.५ दाखवलीस तर जिला मोठ्या दवाखान्यात धाडायचं, तिला गोळ्या देऊन परत पाठवलं जाईल. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलेली पद्धत वापर: दोन यंत्रांतला फरक त्यांच्या सरासरीसमोर मांड. ७ आणि ११ च्या आजूबाजूचे फरक वेगळे काढून बघ.

पाचशे रुपयांचं म्हणशील तर यंत्राची किंमत हा छोटा भाग आहे. साखर मोजणारं यंत्र स्वस्त मिळतं, खिसा पट्ट्या रिकामा करतात. लॅन्सेट, स्पिरिटचा बोळा, क्युवेट धरून एका तपासणीला किती पडतात, ते काढ.

लोकांचं रक्त घेण्याआधी एथिक्स कमिटीची परवानगी हवीच, मित्रांचंसुद्धा. विक्रीसाठी २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागतात, ते आत्तापासून वाचायला घे. पैशासाठी बायरॅक या केंद्र सरकारच्या संस्थेचं बिग अनुदान आहे, ५० लाखांपर्यंत. पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातलं व्हेंचर सेंटर अशा कामाला मदत करतं.

या महिन्यात फक्त एक कर. तीन पातळ्यांचं कंट्रोल रक्त, म्हणजे ज्याचं हिमोग्लोबिन आधीच ठाऊक असतं असं, बाजारात मिळतं: कमी, मध्यम, जास्त. प्रत्येकाचं दहा-दहा वेळा रीडिंग घे, दर वेळी नवी क्युवेट. ते तीस आकडे इथे टाक. कमी पातळीचे दहा आधी बघू, आणि ते पसरलेले असतील तर क्युवेटची जाडी मोजायला घेऊ.