काजल आधी हळू सांगते

तुझा परवा रात्रीचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. सात मिनिटांचा मेसेज, त्यात तू पडलीस त्याबद्दल अर्धं मिनिट, आणि बाकी सगळा वेळ तुझी घोडी काजल कशी वेडी आहे, कशी नाटकी आहे, बाभळीला अडकलेल्या एका साध्या पिशवीला बघून कशी आडवी उडाली आणि तुला तिथंच टाकून एकटी तबेल्यात जाऊन कशी निवांत रजको (लसूणघास) खात उभी राहिली. हसू आलं मला, सॉरी. पण एक्स-रे खरंच काढलास की आईला बरं वाटावं म्हणून तसं सांगितलंस? नसेल काढला तर आधी तो काढ, मग पुढचं वाच.

काजलला विकायचं का म्हणून विचारलंस. तबेल्यातले सगळे "एने मारीने काढो बेन, टेवाई जशे" (मारून पुढे काढा, सवय होईल) म्हणतायत असंही सांगितलंस. विकायचं नंतर बघू. मारून पुढे काढायचं मात्र अजिबात नाही, आणि ते का नाही हे मी माझ्या हाडावर शिकलोय, सांगतो खाली.

आधी कंटाळवाणं काम. डॉक्टरांना बोलव आणि नीट तपासून घे, दात, पाठ, खूर, डोळे सगळं. कारण जनावर दुखत असलं की बुजतं, आणि दुखतंय हे ते आपल्याला चिठ्ठी लिहून कळवत नाही. तुझं ते खोगीर आधीच्या घोड्याचं आहे ना? तो केवढा दांडगा होता आणि काजल केवढी आहे. वीस मिनिटं चालवून आण, खोगीर काढ आणि पाठीवरचा घाम बघ, सगळीकडे ओलं आणि मधेच एक कोरडा चट्टा राहिला असेल तर तिथं खोगीर दाबत असण्याची शक्यता आहे. कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटांनी हळूहळू दाबत जा, कुठं अंग चोरते, कुठं कान मागे टाकते ते बघ. आणि खाणं. तुझ्या तबेल्यात सकाळ-संध्याकाळ चंदी म्हणजे दाणा दणकून देतात आणि मधे आठ-आठ तास पुढ्यात काडी नसते, हे मी स्वतः बघितलंय. घोड्याच्या पोटात ॲसिड चोवीस तास तयार होत असतं, आणि ते शांत करणारी लाळ फक्त चावताना सुटते, म्हणजे रिकाम्या पोटी उभं राहिलेलं घोडं आतून जळत असतं. काजल साधारण साडेतीनशे किलोची धर, तिला दिवसाला 5 ते 7 किलो तरी सुका चारा लागतो आणि तो थोडा थोडा दिवसभर. चंदी कमी कर, चारा वाढव आणि रोज मोकळं सोड. निम्म्या "वेड्या" घोड्या एवढ्यानंच शहाण्या होतात असं माझं मत आहे, डॉक्टर कदाचित इतकं ठासून सांगणार नाहीत.

आता ती पिशवी. तुला ती साधी दिसते कारण तुझे डोळे समोर आहेत आणि तू वाचायला शिकलेली आहेस, त्यावर दुकानाचं नाव आहे हे तुला कळतं. काजलचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. तिला जवळजवळ गोल सगळं दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या मागचं सोडून. हललेलं काहीही तिला पटकन दिसतं, पण ते नेमकं काय आहे हे आपल्याएवढं स्पष्ट दिसत नाही. लाल रंग तिला वेगळा कळत नाही, निळा आणि पिवळा कळतो. उन्हातून एकदम सावलीत गेलं की तिच्या डोळ्यांना सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून त्या रेल्वेच्या गरनाळ्याखाली, रुळांखालच्या त्या बोगद्यात, ती अडते, हट्टीपणा नाही तो. आणि जाताना जी गोष्ट डाव्या डोळ्यानं बघितली ती येताना उजव्या डोळ्याला नवीकोरी वाटू शकते. म्हणजे "आत्ता तर बघितलं होतंस की!" हे तिला ओरडून काही उपयोग नाही.

पण मला मुद्द्याचं बोलायचंय ते हे नाही. तुझ्या मेसेजमध्ये एक वाक्य होतं, "काहीच कारण नसताना एकदम उडाली". ते एकदम नव्हतं गं. मी तुझ्यासोबत दोनदा आलोय त्या कॅनालच्या रस्त्यावर, तू तेव्हा फोनवर बोलत होतीस (घोडीवर बसून! यावर वेगळं पत्र लिहीन). मी मागून बघत होतो. तो भंगारवाल्याचा गाडा दिसायच्या कितीतरी आधी तिचे कान पुढे जाऊन एकमेकांना भिडले. काठेवाडी आहे ती, टोकं आत वळलेली, भिडले की वरून बदामासारखं दिसतं. मग श्वास थांबला. मग मान वर आली आणि चाल आखडली, पावलं छोटी झाली. मग तिनं एकदा जोरात नाकातून फुर्र केलं. चार वेळा सांगितलं तिनं तुला, बाई तिथं काहीतरी आहे, आपण बघूया का. तू चारही वेळा टाच मारलीस. पाचव्यांदा ती उडाली. तुला फक्त पाचवं ऐकू आलं.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. हळू सांगितलेलं कोणी ऐकत नाही असं कळलं की घोडं हळू सांगणं सोडून देतं आणि थेट उडतं. मग लोक म्हणतात कारण नसताना उडतं.

म्हणून पुढचे पंधरा दिवस एकच काम. कान भिडले की थांब. पुढे ढकलायचं नाही, मागेही पळवायचं नाही, तोंड त्या वस्तूकडे राहू दे, लगाम थोडा सैल, आणि नुसतं उभं राहा. बघू दे तिला. ती थांबायला तयार नसेल, अंगात थरथर असेल, तर तू फार जवळ आलीस, दहा-वीस पावलं मागे जा जिथं ती उभी राहू शकते. तिथं उभं राहिल्यावर कधीतरी मान खाली येईल, पापण्या हलतील, एखादा मोठा उसासा टाकेल. तेव्हा खोगिराच्या पुढे मानेच्या बुडाशी जो उंचवटा असतो ना, तिथं बोटांनी खाजव, थोपटू नकोस, खाजव. घोडी एकमेकींना तिथंच दातांनी खाजवतात, आणि तिथं खाजवलं की त्यांचे हृदयाचे ठोके खरोखर उतरतात. मग चार पावलं पुढे, पुन्हा थांब. किंवा वळून घरी ये. पिशवीपर्यंत पोचायचंच असा नेम धरू नकोस, त्या दिवशी पन्नास पावलांवरून शांतपणे परत आलात तरी झालं काम. सुरुवातीला तुला वाटेल आपण हिला लाडावतोय, दर दहा पावलांना थांबतोय, लोक हसतायत. हसू दे.

आता माझं हाड. मी तेवीस वर्षांचा होतो, ओळखीच्यांचा एक तांबूस घोडा माझ्याकडे चालवायला होता, शेरू. रस्त्यात उसाच्या रसाचा गाडा लागायचा, त्यावर निळी ताडपत्री, वारा आला की फडफडायची. शेरू तिथं अडायचा. एके दिवशी मी ठरवलं की आज काढायचाच, आणि पाच-सात मिनिटं चाबूक चालवून मी त्याला त्या गाड्यासमोरून काढला. गाड्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी फुशारून रस प्यायलो. त्याला त्या दिवशी काय कळलं असेल बघ. ताडपत्री दिसली की मार पडतो. म्हणजे त्याला आधी नुसती शंका होती, ती मी पक्की करून दिली. चौथ्या दिवशी गाडा शंभर पावलं लांब असतानाच तो जागच्या जागी फिरला आणि चौखूर उधळला, आणि मी रस्त्यावर, गळ्याजवळचं हाड मोडून. तो अख्खा पावसाळा मी पट्टा बांधून खिडकीत बसलो.

शेरूला परत ताळ्यावर आणला तो तबेल्यातल्या मोतद्दारानं, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्यानं. म्हातारा माणूस, आम्ही सगळे चाचा म्हणायचो. त्यांनी काही समजावून वगैरे सांगितलं नाही. एक जुनी निळी ताडपत्री गुंडाळून दोरीला बांधली, आणि ती जमिनीवरून ओढत शेरूपासून लांब चालायला लागले. मला म्हणाले, तू घोडा घेऊन मागून ये, ओढू नको, दोरी हाताला गुंडाळू नको. पहिल्यांदा शेरू खांबासारखा उभा, कान भिडलेले, नाकपुड्या वाटीएवढ्या. पण ती ताडपत्री त्याच्या अंगावर येत नव्हती, पळून जात होती! भीती घालणारी वस्तू स्वतःच पळतेय म्हटल्यावर घोड्याचा हिशोबच बदलतो. एक पाऊल टाकलं त्यानं, मग दुसरं. तिसऱ्या फेरीला मान लांब करून नाक तिच्या मागे मागे. चाचा थांबले. शेरूनं कोपऱ्यावर फुंकर मारली, ओठानं तो कोपरा उचलला आणि सोडला, त्याचा फट्ट आवाज झाला, त्या आवाजाला स्वतःच दचकून तो चार पावलं मागे उडाला. मी घाबरून दोरी आवळणार होतो, चाचांनी नुसता हात वर केला, थांब. आणि तो परत आला. कोणी आणला नाही, स्वतः आला आणि पुन्हा तोच कोपरा उचलला. मग उघडलेली ताडपत्री, मग तिच्यावर ठेवलेली मूठभर चंदी, मग तिच्यावर पाय, मग शेवटी पाठीवर, असं करत दिवाळीपर्यंत आम्ही गाड्यासमोरून चाललो. उजवी बाजू आणि डावी बाजू वेगवेगळी शिकवावी लागली, हे विसरू नकोस.

काजलबरोबर हेच करायचं, आधी खाली उभं राहून. तबेल्यातला तो म्हातारा पांढरा घोडा आहे ना ज्याच्यासमोर बॉम्ब फोडला तरी जो डुलकी काढतो, त्याला शेजारी उभा कर. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं, जास्त नाही. आणि ती शांत झाली की नुसतीच गप्प गोठली हे ओळखायला शिक. कधी कधी घोडं घाबरून पुतळा होतं आणि आपण म्हणतो वा, किती छान उभी आहे. शंका आली तर जबड्याखाली नाडी बघ, 15 सेकंद मोज आणि चारनं गुण. निवांत घोड्याची मिनिटाला 28 ते 44 असते. साठ-सत्तर लागली तर ती शांत नाहीये, फक्त हलत नाहीये.

आता तुझ्याबद्दल, रागावू नकोस. पडल्यापासून तूच प्रत्येक पिशवी तिच्या आधी बघतेस. 2009 साली स्वीडनमधल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता, माणसांना घोडा घेऊन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चार वेळा जायला लावलं आणि चौथ्या वेळी सांगितलं की आता मधे छत्री उघडणार. छत्री उघडलीच नाही. पण माणसांचे ठोके वाढले, आणि ज्या घोड्यांना छत्रीबद्दल कोणी काही सांगितलं नव्हतं त्यांचेही वाढले. तू श्वास रोखलास, मांड्या आवळल्यास, लगाम आखडलास की काजलला वाटतं बाईंनापण वाघ दिसला. म्हणून श्वास सोड. नुसतं "श्वास घे" सांगून जमत नाही हे मला माहितीय, म्हणून मी विठ्ठल विठ्ठल म्हणतो, मोठ्यानं. घोड्याच्या साध्या चालीचे चार ठोके असतात, वि-ठ्ठल वि-ठ्ठल बरोबर बसतं, आणि बोलताना माणसाला श्वास रोखता येत नाही. तुझा देवावर विश्वास नसेल तर पाढे म्हण.

आणि तरी ती उडालीच तर? उडेल, काजल आयुष्यभर थोडी बुजरी राहील, ती म्हशीसारखी होणार नाही. गळ्यात एक जुना पट्टा अडकवून ठेव, तो किंवा आयाळ पकड, लगामाला लटकू नकोस. दोन्ही लगाम एकदम खेचलेस तर ती अजून पळेल. एकच बाजू हळू वळव, मागचे पाय आडवे टाकू दे, वेग आपोआप मोडतो. हे आधी आवारात उभ्या-चालत शंभर वेळा करून ठेव, म्हणजे गडबडीत हाताला आठवेल. आणि उडाल्याबद्दल मारायचं नाही. एकदाही नाही.

एक शेवटचं. उत्तरायण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत, जवळ येतंय. आपल्या बडोद्यात पोरं 14 जानेवारीची वाट बघत नाहीत, पंधरा दिवस आधीच गच्च्यांवर चढतात. पतंग झाडावरून गोते खातात, पिपूड्या (पिपाण्या) वाजतात, गच्चीगच्चीवर डीजे, रात्री फटाके, आणि सगळ्यात वाईट म्हणजे रस्त्यावर पडलेला मांजा, तो तुझ्या गळ्याला आणि तिच्या पायाला सारखाच कापतो. "तिची भीती घालवायला चांगली संधी आहे" असं कोणीतरी नक्की म्हणेल. ऐकू नकोस. संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यापासून वासी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस, होईपर्यंत तिला बाहेर काढायचं नाही, पुढ्यात चारा भरपूर, शेजारी पांढरा. नंतरही चार-पाच दिवस आवारात आधी स्वतः पायी फिरून मांज्याची गुंतवळ उचल, मग तिला सोड.

रविवारी सकाळी सातला येतो. खोगीर ठेव, पण चढायचं नाहीये, पाठीवर कसं बसतं ते फक्त बघू. ताडपत्री मी आणतो, निळीच आहे, एका कोपऱ्याला फाटलीये. फोन गाडीत ठेवून ये.