वाचकांचे प्रश्न : मोजके आकार, ठसठशीत रंग

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयाच्या हस्तलिखिताचे मुखपृष्ठ मी करीत आहे. सभासदांत मराठी वाचणारे आणि कन्नड वाचणारे असे दोन्ही असल्यामुळे अक्षरांवर विसंबून न राहता केवळ भौमितिक आकारांतून गुऱ्हाळाचा हंगाम दाखवावा, असे ठरविले. वर्तुळे, त्रिकोण, चौकोन मिळून चाळीसेक आकार झाले, रंगही सगळे ठळक घेतले. तरी चित्र वाकळीसारखे दिसते आणि नजर कोठेच ठरत नाही. कोठे चुकते आहे?
– एक वाचक भगिनी, निपाणी तालुका

उत्तर : आपण वाकळीचे नाव तक्रारीच्या सुरात घेतले आहे, म्हणून आधी तिच्या बाजूने दोन शब्द लिहितो. खानापूर, हल्याळ, यल्लापूर या पट्ट्यातील सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातील स्त्रिया जुन्या लुगड्यांच्या आणि सदऱ्यांच्या तुकड्यांपासून जी कवंदी नावाची वाकळ शिवतात, ती अमूर्त भौमितिक रचनेचा उत्तम नमुना आहे. त्या कडेपासून धावदोरा घालत आत मध्याकडे येतात आणि चारही कोपऱ्यांवर घडी घातलेली लहान ठिगळे लावतात. त्यांना ‘फुले’ म्हणतात, आणि त्यांच्यावाचून कवंदी उघडी राहिली असे मानले जाते. मात्र कवंदी अंगावर घ्यायची वस्तू आहे, तिच्यावर नजर फिरत राहिली तरी चालते. मुखपृष्ठ हातभर अंतरावरून क्षणभरच पाहिले जाते, तेव्हा त्यात नजरेला प्रथम टेकायला एक जागा असावीच लागते. आपल्या चाळीस आकारांत कोणी मोठा नाही आणि कोणी लहान नाही. सगळे एकाच मापाचे असल्याने सगळे एकाच आवाजात बोलतात.

माझी सूचना अशी, की रंग आणि ब्रश आठ दिवस बाजूला ठेवून दुकानातून घोटीव कागद आणावा आणि फक्त सात तुकडे कापावेत. गुऱ्हाळात गेल्यावर डोळ्यांत भरते ती काहील, म्हणून तिचे वर्तुळ पानाच्या रुंदीच्या दोनतृतीयांश इतके मोठे घ्यावे आणि ते मध्यावर न ठेवता उजव्या कडेने थोडे कापले जाईल असे सरकवावे. कडेबाहेर गेलेला भाग पाहणारा मनाने पुरा करतो, त्यामुळे वर्तुळ आहे त्याहून मोठे वाटते. चुलवणाच्या जाळासाठी खाली एक त्रिकोण, धुरासाठी वरपर्यंत गेलेली एकच तिरकी पट्टी आणि गुळाच्या ढेपांसाठी उतरत्या मापाचे तीन समलंब चौकोन पुरेत. सातवा तुकडा चिपाडाच्या ढिगाचा, आणि तो मला तरी अगदी लहान हवा. तुकडे लगेच चिकटवू नयेत. दोन दिवस सरकवून पाहावेत, कारण कात्रीने कापलेला आकार सरकवता येतो आणि रंगवलेला येत नाही, एवढ्यासाठीच हा खटाटोप आहे. तुकड्यांमध्ये उरणारी मोकळी जागाही आकारच असते, तेव्हा तिचा आकार वेगळा काढून पाहावा.

आता रंगांविषयी. आपल्या चित्राचा मोबाईलवर फोटो काढून तो कृष्णधवल करून पाहा. लाल आणि हिरवा शेजारी असूनही बहुधा सारखेच करडे दिसतील, आणि नजर न ठरण्याचे मोठे कारण तेच आहे. रंग ठळक असणे निराळे आणि त्याची गडद-फिकटता निराळी. ठसठशीतपणा मुख्यतः दुसऱ्यातून येतो. जांभळटाकडे झुकणारा काळा, विटकरी लाल, हळदीचा पिवळा आणि कागदाचा पांढरा, एवढ्या चार रंगांत हे चित्र होईल. हिरव्याचा मोह होईल, कारण उसाचा रंग तोच. तरी या वेळी तो सोडावा, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न : वडगाव भागात मागाच्या खडखडाटातच मी वाढलो. हल्ली संगणकावर चौकोनांची चित्रे करतो. एकच करडा रंग दोन ठिकाणी भरला, तर तो दोन वेगळे रंग असल्यासारखा दिसतो. हा स्क्रीनचा दोष आहे का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : दोष स्क्रीनचा नाही, आणि आपल्या घरच्या धंद्याशी या प्रश्नाचे जुने नाते आहे. पॅरिसच्या गोबलँ या भिंतपडदे विणणाऱ्या कारखान्यात मिशेल शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ 1824 पासून रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळा रंग निळ्या-जांभळ्या वीणकामात फिका पडतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासले तेव्हा काळ्या सुतात खोट नव्हती. शेजारच्या निळ्यामुळे डोळा त्या काळ्यावर निळ्याच्या विरोधी रंगाची, म्हणजे नारिंगीची, झाक पाहत होता. या परिणामावर त्यांनी 1839 मध्ये सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे चित्रकार जोसेफ आल्बर्स यांनी 1950 पासून 1976 मध्ये निधन होईपर्यंत एकात एक बसवलेल्या तीन-चार चौकोनांची हजारांहून अधिक चित्रे केली. आकार जवळजवळ तोच ठेवून प्रत्येक वेळी फक्त रंगांची शेजारदारी बदलली, आणि रंग बहुतेक ट्यूबमधून न मिसळता थेट सुरीने लावले. एक चौकोन आयुष्यभर पुरतो हे त्यांनी करून दाखविले, याचे मला आजही नवल वाटते.

आपणही एकच करडा एकदा पिवळ्याच्या आणि एकदा जांभळ्याच्या मध्यभागी ठेवून पाहावा. मग दोन वेगळे करडे निवडून ते त्या दोन पार्श्वभूमींवर सारखे दिसतील असा प्रयत्न करावा. हे पहिल्यापेक्षा बरेच अवघड आहे आणि डोळा खरा तयार होतो तो यात. घरातील कोणी मागावर काठ आणि अंगाचे रंग जुळवत आले असेल, तर त्यांना शेजारी बसवून घ्यावे.

प्रश्न : स्क्रीनवर झगझगीत दिसणारे हिरवे आणि नारिंगी रंग छापून आल्यावर मळकट का होतात?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : स्क्रीन लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून रंग घडवते, छापखाना चार शाईंतून, प्रकाशाचे काही तेज शाईला गाठताच येत नाही. म्हणून फाईल सुरुवातीपासूनच चार शाईंच्या पद्धतीत करावी, आणि संपूर्ण प्रती छापण्याआधी त्याच कागदावर एक नमुना काढून घेऊन तो दुकानातील ट्यूबलाईटखाली न पाहता बाहेर उजेडात पाहावा.