एसी गरम हवा फेकतोय, म्हणून गाडीच बदलायची?

नागपूरच्या एका वाचक ताईंनी लिहिलंय: त्यांची पेट्रोल हॅचबॅक 2015 ची, 72,000 किलोमीटर चाललेली. एसी लावला की गरम हवा येते. मागच्या उन्हाळ्यात एकदा आणि यंदा मार्चमध्ये पुन्हा गॅस भरला, पण दोन्ही वेळा दोनेक महिन्यांत परत तेच. आता गॅरेजवाला म्हणतो कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) गेला, 34,000 लागतील. यजमान म्हणतात, जुन्या गाडीत एवढे ओतण्यापेक्षा ती काढू आणि 5 लाखांचं कर्ज घेऊन नवी आणू, जीएसटीही उतरलाय. घराचा हप्ता आणि घरखर्च जाऊन महिन्याला साधारण 9,000 उरतात. दीड लाखाची एफडी अडीअडचणीसाठी आहे. सासऱ्यांना आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला न्यायचं असल्यामुळे एसीशिवाय भागणार नाही.

ताई, 34,000 द्यायचे की नाही हे ठरवायची वेळ अजून आलेलीच नाही. कॉम्प्रेसर गेला हे कशावरून ठरवलं, ते आधी विचारा. तुमच्या पत्रात गेज (गॅसचं प्रेशर मोजायचं मीटर) लावल्याचा किंवा लीक टेस्ट केल्याचा कुठे उल्लेख नाही.

गाडीच्या एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. दोन महिन्यांत तो संपत असेल तर कुठून तरी गळतोय, आणि गळती न शोधता दोनदा गॅस भरून तुम्ही दोनदा पैसे हवेत सोडलेत. दुसरं म्हणजे, गॅस फार कमी झाला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला चालूच होऊ देत नाही, तो खराब होऊ नये म्हणून. त्यामुळे ‘कॉम्प्रेसर फिरत नाही’ आणि ‘कॉम्प्रेसर गेला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत कदाचित जोडावरची एखादी झिजलेली ओ-रिंग (रबरी कडी) निघेल, दुसरीत 34,000.

गॅरेजला जायच्या आधी घरीच थोडं बघून घ्या. गाडी चालू करून एसीचं बटण दाबा. बॉनेटकडून ‘टक्’ असा आवाज आला आणि इंजिनाचा सूर किंचित बदलला, तर कॉम्प्रेसरला इंजिनाशी जोडणारा त्याचा स्वतःचा क्लच पकडतोय. एसी लावल्यावर कंडेन्सरचा (गाडीच्या पुढच्या बाजूला गॅस थंड करणाऱ्या जाळीचा) पंखा फिरतो का बघा (हात लांब ठेवून). वर्धा रोडवर पळताना हवा गार आणि सिग्नलला उभं राहिलं की गरम, असं होत असेल तर आधी पंख्यावर संशय घ्या. पाइपांच्या जोडावर किंवा कंडेन्सरवर तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला तर गळती बहुधा तिथेच, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर पडतं.

मग फक्त एसीचं काम करणाऱ्या दुसऱ्या माणसाकडे जा. नायट्रोजन भरून लीक टेस्ट करायला सांगा आणि गेजवर दोन्ही बाजूंचं प्रेशर किती आलं ते कागदावर लिहून घ्या. गॅस पुरेसा असताना एसी लावल्यावर कमी दाबाच्या बाजूला प्रेशर चढलेलं आणि जास्त दाबाच्या बाजूला उतरलेलं दिसलं, तर कॉम्प्रेसर दमलाय या म्हणण्यात तथ्य आहे. या तपासणीला हजार-दोन हजार गेले तरी हात आखडू नका. ‘लीक बंद करणारं औषध टाकून देतो’ म्हणाला तर मात्र नको म्हणा, त्याने व्हॉल्व्ह तुंबू शकतो.

समजा, कॉम्प्रेसर खरंच गेला. मग 34,000 मध्ये काय काय धरलंय? कॉम्प्रेसर आतून खरवडला असेल तर त्याचा धातूचा कीस सगळ्या सिस्टीममध्ये जातो. ती फ्लश न करता, म्हणजे आतून न धुता, आणि ड्रायर (ओलावा शोषणारा भाग) न बदलता नवा बसवला, तर तोही लवकर जाईल. फ्लशिंग, ड्रायर, व्हॅक्यूम (गॅस भरण्याआधी नळ्यांतली हवा ओढून काढणं), गॅस आणि वॉरंटी हे सगळं कोटेशनमध्ये लेखी हवं. विम्याची आशा धरू नका. यांत्रिक बिघाड कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीतही बसत नाही.

आता यजमानांचा मुद्दा. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, हे खरं. पण 5 लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी 5 वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण 10,380 रुपये. तुमच्याकडे उरतात 9,000. म्हणजे पहिल्याच महिन्यात गणित तुटीत, आणि व्याजाचे सव्वा लाखाच्या आसपास वेगळे. शिवाय ऐन उन्हाळ्यात एसी बंद असलेली गाडी विकायला काढली की घेणारा दुरुस्तीच्या खर्चापेक्षा जास्तच पाडून मागतो.

34,000 घालून गाडी आणखी दोन वर्षं चालली तर महिन्याला 1,417 पडतात. क्लच, सस्पेन्शन, टायर ठीक असतील तर मी हा खर्च करीन. गळती कंडेन्सरची किंवा जोडाची निघाली आणि काम 12-15 हजारांत होत असेल तर विचारही करत बसू नका. डॅशबोर्डामागची, हवा गार करणारी कूलिंग कॉइल फुटली असेल तर बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि मजुरी चढते, तेव्हा दोन ठिकाणचे भाव घ्या.

पैसे उभे करताना एफडी मोडू नका आणि क्रेडिट कार्डावर टाकून ते फिरवत तर अजिबात ठेवू नका. एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी तारण ठेवून बँकेकडून लागतील तेवढे पैसे उचला; व्याज सहसा एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतं. महिन्याला 9,000 भरलेत तर चार महिन्यांत फिटेल आणि व्याज हजाराच्या आतच राहील.

गाडी काढायचा विचार मी एकाच वेळी करीन: एसीबरोबरच इंजिनाचं किंवा गिअरबॉक्सचं मोठं काम निघालं तर. तसं झालं तरी नवी नको. कर्ज 3 लाखांच्या आत बसेल अशी तीन-चार वर्षं वापरलेली बघा. आणि ती बघायला जाल तेव्हा दुपारी दोन वाजता जा, एसी लावून अर्धा तास चालवा.